हप्त्यावरची मशीन

हिशेबशास्त्राच्या आमच्या पाठ्यपुस्तकात भाडे-खरेदी पद्धतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. परीक्षेच्या दृष्टीने ते महत्त्वाचे, म्हणून प्राध्यापक ते मन लावून शिकवतात आणि विद्यार्थी ते मन लावून पाठ करतात. प्रकरणाच्या शेवटी जी उदाहरणे असतात त्यांत 'अ' आणि कंपनीने 'ब' यांस एक यंत्र दिलेले असते. काही रक्कम रोख, बाकीची ठरावीक हप्त्यांनी. त्यातून व्याज वेगळे काढायचे, घसारा काढायचा, आणि 'ब'ने हप्ता थकवला तर यंत्र परत घेतल्याच्या नोंदी करायच्या. हे यंत्र कसले, त्यावर काय तयार होते आणि बिचाऱ्या 'ब'चा हप्ता का थकला, हे पुस्तक कधीच सांगत नाही.

माझ्यापुरता या प्रश्नाचा उलगडा झालेला आहे. ते यंत्र शिवणाचे आहे. सुईचे नेढे बोथट टोकाकडे न ठेवता अणकुचीदार टोकापाशी आणायचे आणि वरचा धागा खालच्या धाग्यात गुंतवायचा, या युक्तीचे पेटंट एलियास हाऊ याने १८४६ मध्ये अमेरिकेत घेतले. आयझॅक मेरिट सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या सुधारलेल्या यंत्राचे पेटंट घेतले. पण यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या वर, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईकडे तेवढे डॉलर एकरकमी कुठून असणार? तेव्हा सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास तोड काढली. थोडी रक्कम आधी द्या, यंत्र घरी न्या, उरलेली दरमहा फेडा, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्र कंपनीच्या मालकीचे. क्लार्क पेशाने वकील होता, हे सांगायला नकोच. आज फ्रिजपासून मोटारीपर्यंत जे काही हप्त्यावर घरात येते, त्या साऱ्याची वाट या गृहस्थाने आणि त्याच्या यंत्राने रुंद केली.

आणि 'ब' म्हणाल, तर ती माझी आजी.

माझे आजोळ पांढुर्ण्याचे. आपल्या सीमाभागातल्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी हे गाव पाहिले असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काटोल, नरखेड ही स्टेशने जातात आणि त्यानंतर मध्य प्रदेश सुरू होतो. सुरू होतो तो नकाशावर. फलाटावर उतरले की भाषा मराठीच ऐकू येते. संत्री, कापूस आणि मे महिन्यातले ऊन यांचा हा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा, सौंसर हा भाग छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी आपल्याकडे काय झाले ते आपल्या वाचकांना मी सांगावे असे नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. दुकानाच्या पाट्या हिंदी, घरातले बोलणे मराठी, आणि भांडण रंगात आले की दोन्ही.

इथे व्याकरणाची एक अडचण आधीच मिटवून टाकतो. आमच्या घरी 'ते मशीन' म्हणतात, आजोळी 'ती मशीन'. कन्नडमध्ये तर शिवणाला 'होलिगे' आणि पुरणपोळीला 'होळिगे' म्हणतात, तेव्हा शेजारच्या अक्कांनी होलिगेचे काम काढले आहे असे ऐकून मी लहानपणी एकदा जेवणाच्या आशेने त्यांच्या दारात बसून राहिलो होतो. असो. या लेखापुरते मी आजीचे व्याकरण मानतो. मशीन तिची आहे.

ती मशीन आजीने सौंसरच्या एका टेलरकडून जुनी घेतली. आजोबा वारले त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी. पदरात तीन मुले होती, माझी आई त्यांतली मधली. त्या टेलरचे डोळे अधू झाले होते आणि त्याचा मुलगा या धंद्यात पडणार नव्हता. त्याने पन्नास रुपये आधी घेतले, बाकीचे दरमहा दहा. बिडाचा स्टँड, लाकडी पेटी आणि मशीनचे डोके अशा तीन गाठोड्यांत ती बसच्या टपावरून पांढुर्ण्याला आली. आजी ज्या दिवशी ती आणली त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात शेजारणीचा परकर शिवायला बसली होती, असे आई सांगते.

गेली पंधरा-सोळा वर्षे ती बंद होती. तयार कपड्यांची दुकाने वाढली, आजीकडे काम येईनासे झाले. गंमत अशी की सौंसर तालुक्यातच बोरगावला रेमंडचा सुटाच्या कापडाचा मोठा कारखाना आहे. कापड दाराशी विणले जाते आणि शिवलेला सदरा बाहेरगावाहून येतो. मशीन ओसरीच्या कोपऱ्यात गेली. तिच्यावर आधी कपड्यांची चळत आली, मग लोणच्याच्या बरण्या, मग टीव्ही.

यंदा मामांनी जुने मातीचे घर पाडून नवे बांधायचे ठरवले. सामानाची वाटणी सुरू झाली. नागपूरचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन मशीन पाहून गेला. त्याने चार हजार रुपये देऊ केले, पण ते फक्त स्टँडचे आणि ड्रॉवरांचे. स्टँडवर संगमरवरी फरशी टाकून हॉटेलवाल्यांना टेबले करून विकतात. "मुंडी तुम्हीच ठेवा, नाहीतर भंगारात घाला," असे तो म्हणाला. मामांचे म्हणणे सरळ होते: नव्या घरात जागा नाही, आणि बंद वस्तूचे चार हजार येत असतील तर सोडू नयेत. त्यात गैर काही नव्हते. पुस्तकी मूल्य शून्य झालेल्या मालमत्तेची ती चांगलीच किंमत होती. मी सुटीत तिथे होतो. मी मामांकडे तीन आठवडे मागितले. मशीन चालू करून दाखवतो, मग ठरवा, असे म्हणालो. मामांनी कबूल केले. बहुधा पोरगा उन्हात भटकणार नाही एवढ्याच हिशेबाने.

मशीनच्या पायाशी उजवीकडे एक क्रमांक ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांचा मळ खरवडल्यावर 'वाय' हे इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे दिसले. ही खूण स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याची, १९२२ ते १९३५ या काळातली. हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. एके काळी शिवणयंत्रांचा तो जगातला सर्वांत मोठा कारखाना होता. कामगारांसाठी जे रेल्वे स्टेशन होते त्याचे नाव 'सिंगर'. कारखाना गेला, पण स्टेशनचे नाव अजून तेच आहे. हिंदुस्थानात या कंपनीचा जम बसवला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. क्लाइडबँकहून निघालेली ही वस्तू किती हातांतून सौंसरच्या टेलरपाशी पोहोचली असेल कोण जाणे. आजीकडे आली तेव्हाच ती चाळिशीची होती.

चाक जागचे हलत नव्हते. गंजले असेल अशी माझी समजूत होती, पण गंज फारसा नव्हता. सांध्यासांध्यांत मधासारखा पिवळट, चिकट पापुद्रा बसला होता. आजीने बोटाने चाचपून वास घेतला आणि म्हणाली, "हे त जवसाचं तेल हाय. कोनं घातलं बाप्पा याच्यात?" घरात येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कुणीतरी उपकाराच्या भावनेने घातले असणार. जवसाचे तेल चटणीवर घ्यायला उत्तम, यंत्राला मात्र विष. ते हवेने सुकते आणि त्याची साय धरते. रंगांत आणि वार्निशात ते वापरतात ते याच गुणामुळे. म्हणजे मशीन मोडलेली नव्हती, तिला आतून वार्निश झाले होते.

यावर जुने लोक रॉकेल सांगतात. रॉकेल मिळाले नाही, पण शेतातल्या इंजिनासाठी मामांनी ठेवलेले डिझेल होते. प्रत्येक सांध्यात आणि तेलाच्या प्रत्येक भोकात ड्रॉपरने डिझेल सोडायचे आणि मशीन अंगणात उन्हात ठेवायची. आजोळच्या मे महिन्यातल्या उन्हाला लोक शिव्या देतात, पण काळ्या लोखंडाला ते असे तापवते की दुपारी हात लावता येत नाही. संध्याकाळी चाक धरून थोडे मागेपुढे करायचे, जोर लावायचा नाही. पहिले तीन दिवस काहीच झाले नाही. चौथ्या दिवशी चाक केसभर हलले. सहाव्या दिवशी सुई खाली गेली आणि तिथेच थांबली. आठव्या दिवशी पूर्ण फेरा झाला. पुढचे दोन दिवस फक्त घाण बाहेर येत होती. दात्यांच्या खालून तर लोकरीच्या चटईसारखा एक थर निघाला, त्यात निळे, लाल, हळदी रंगाचे धागे दाबून बसलेले होते. आजीने तो हातात घेतला आणि बराच वेळ टाकू दिला नाही.

एक काळजी मात्र आधीपासून घ्यावी लागते. या मशीनच्या काळ्या अंगावर जी सोनेरी नक्षी असते ती लाखेच्या पातळ थराखाली असते. स्पिरिटने पुसले तर लाख विरघळते आणि नक्षी बोळ्याबरोबर निघून येते. म्हणून बाहेरून फक्त मशीनचे तेल आणि मऊ फडके. मामेभावाचे म्हणणे, काळा स्प्रे मारून टाकू, नव्यासारखी दिसेल. मी ते होऊ दिले नाही. कारण नक्षी सगळीकडे सारखी झिजलेली नव्हती. खांबावर ती अजून झळझळीत होती, पण सुईच्या पुढच्या बाजूला, जिथून कापड सरकते आणि जिथे डाव्या हाताची बोटे टेकतात, तिथे साफ नाहीशी होऊन पितळी छटेचा एक डाग उरला होता. आधीच्या टेलरचा आणि आजीचा मिळून तो डाग. त्यावर रंग फासणे म्हणजे खतावणीची पाने फाडून कोरी पाने शिवण्यासारखे झाले असते.

पेटीचे काम मला एकट्याला झेपणारे नव्हते. गल्लीतल्या सुतारकाकांना बोलावले. पावसाळ्यात गळक्या कौलांखाली राहून वरचे पातळ लाकडी पापुद्रे फुगून सुटले होते. मी नवीन फॉर्मायका लावायला सांगेन अशी त्यांची कल्पना असावी. जुनेच बसवायचे म्हटल्यावर ते खूश झाले. जुन्या लाकूडकामात सरस वापरलेला असतो. त्याला ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा चिकटतो. ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री फिरवायची आणि लगेच वर वजन ठेवायचे. वजन म्हणून जात्याची तळी वापरली. एका कोपऱ्यात लाकूड उडालेच होते, तिथे जुन्या चौकटीच्या सागवानाचा तुकडा बसवला. रंग जुळत नाही हे काकांनीच दाखवले आणि म्हणाले, दिसू द्या, दुरुस्ती आहे ती. मग चपडी लाख स्पिरिटात विरघळवून कापसाच्या बोळ्याने हलके हात द्यायचे. एक सुकला की दुसरा. असे नऊ-दहा हात झाले. डोक्याला जी वस्तू घातक तीच पेटीला औषध, हे मला फार गमतीचे वाटले.

आजी हे सारे खाटेवरून पाहत असे. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. लाखेचा सातवा की आठवा हात चालू असताना ती म्हणाली, "काऊन रे बाबू, चमकवतच बसशील का? टाका कसा पडते ते पाय ना." तिच्या दृष्टीने मी अजून कामाला सुरुवातच केलेली नव्हती.

सुटे भाग मिळतील की नाही ही माझी खरी धास्ती होती. ती बाजारात दहा मिनिटांत गेली. कलकत्त्याच्या जय इंजिनियरिंग वर्क्सने 'उषा' मशीन काढली, पुढे आपल्याकडे इतर अनेकांनी काढल्या, त्यांतल्या बहुतेकींचा साचा सिंगरच्या १५ क्रमांकाच्या मशीनचाच. त्यामुळे आज पांढुर्ण्याच्या दुकानात मिळणारी साधी सुई आणि बॉबिन नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश मशीनमध्ये अचूक बसते. माझ्या हातातला फोन चार वर्षांचा आहे आणि त्याची बॅटरी मिळत नाही. चामडी पट्टा नवा घेतला. तो मापापेक्षा अंगुळभर आखूड कापायचा, कारण चामडे वापराने लांबते. हे दुकानदाराने न विचारता सांगितले.

पायडल मारला, चाक फिरले, सुई खालीवर झाली, पण टाका पडेना. खालच्या बाजूला धाग्याचे जाळे होऊन बसे. वरच्या धाग्याला ताण कमी असला की असे होते, हे वाचून ठाऊक होते, तरी स्क्रू किती फिरवायचा ते वाचून कळत नाही. आजी खाटेवरून उठली. स्टुलावर बसली, दोरा सुईत तिनेच ओवला, न पाहता, जिभेने टोक ओले करून बोटाच्या अंदाजाने. मग दोन बोटांत दोरा धरून ओढून पाहिला, ताणाचे बटण अर्धा फेरा आवळले, पुन्हा ओढला, पाव फेरा सोडले. जुन्या धोतराच्या तुकड्यावर एक सरळ शिवण घातली. उलटसुलट दोन्हीकडून टाका सारखा. दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे, वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. आमच्या प्राध्यापकांनी जमा आणि नावे यांचा मेळ जितक्या तळमळीने समजावला तितक्याच तळमळीने तिने मला हे सांगितले.

गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध, पण शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती. १९२४ मध्ये एका संभाषणात त्यांनी ते सांगितले आणि कारण दिले की बायकोचे हातशिवणीचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केले. सिंगरच्या चरित्राशी ही हकिकत फारशी जुळत नाही. त्याच्या संसारांची आणि वीसाहून अधिक मुलांची यादी वाचली की प्रेमाचा मुद्दा जरा वेगळ्याच अंगाने पटतो. पण यंत्राविषयीचा गांधीजींचा निवाडा मला बरोबर वाटतो. हे यंत्र बाईला घराबाहेर काढत नाही आणि तिच्या हातचे काम काढूनही घेत नाही.

पेटीच्या उजव्या ड्रॉवरच्या तळाशी बटणे, खडू, मोडक्या सुया आणि एक वही निघाली. आजी मराठी चौथी शिकलेली. वहीत तारीख, काम आणि पैसे, एवढेच. झबले-टोपडे, बंडी, परकर, कापूस वेचायच्या ओट्या, आणि श्रावणात पानेच्या पाने झुली. पोळ्याला बैलांच्या पाठीवर घालायच्या या झुली जाड कापडाच्या, अस्तर लावलेल्या. त्या शिवताना सुया मोडत आणि आजीचे पाय रात्री ठणकत. कामे पोळ्याच्या आदल्या रात्रीपर्यंत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र कोणत्याच वर्षी एकही नोंद नाही. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठाचे पांढुर्णेकर नि दुसऱ्या काठाचे सावरगावकर एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, आजवर कित्येक दगावली आहेत. त्या दिवशी शिवायला कोण टाकणार? मोठ्या मामांच्या कपाळावर त्यातलीच एक खूण आहे, आणि ते ती अभिमानाने दाखवतात. मला या अभिमानाचा अर्थ लागत नाही.

वहीच्या शेवटच्या पानांवर सौंसरच्या टेलरचे हप्ते आहेत. पन्नास. मग दहा, दहा, दहा. दोन महिने कोरे, त्यापुढे वीस. त्या दोन महिन्यांत काय झाले हे मी विचारले. धाकटा मामा टायफॉइडने आजारी होता. टेलर मशीन परत न्यायला आला नाही? "आला ना. पोट्ट्यासाठी संत्री घेऊन आला." आमच्या पुस्तकातल्या कोणत्याच उदाहरणात या नोंदीची सोय नाही.

तीन आठवडे संपले. मामांनी मशीन चालवून पाहिली आणि व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितले. ती आमच्या घरी आणावी असे माझ्या मनात होते. वडिलांनी टेम्पोचे भाडे द्यायचे कबूलही केले होते. पण आजीने विचारले, "तुया घरी कोन शिवते?" कोणी शिवत नाही. मी शिकेन म्हणालो. ती हसली नाही, पण तिने ते मनावरही घेतले नाही. समोरच्या चाळीत एक बाई राहते, नवरा ट्रकवर असतो, ती उसन्या मशीनवर ब्लाउज आणि कापडी पिशव्या शिवते. आजीने तिला बोलावून मशीन दाखवली, स्टुलावर बसवली, एक शिवण घालायला लावली आणि सौदा ठरवला. पाचशे आधी, मग दरमहा तीनशे, दहा महिने. एकूण साडेतीन हजार, म्हणजे व्यापाऱ्यापेक्षा पाचशे कमी, आणि तेही डोक्यासकट. मी व्याजाचा विषय काढला. "व्याज कायचं? मले त्या टेलरनं कुठं लावलं होतं?" हप्ता थकला तर? "थकला त थकला. संत्री नेऊन देजो तू."

मला राग आला होता आणि अजून थोडा आहे. तीन आठवड्यांची माझी मजुरी या सौद्यात कुठे धरलेली नाही. पण नोंद मात्र माझ्याच हाताने झाली. आजीने तीच वही पुढे केली, टेलरच्या शेवटच्या हप्त्याखालची जागा बोटाने दाखवली आणि मी तारीख घालून 'जमा रुपये ५००' असे लिहिले. चार माणसांनी मशीन उचलून रस्त्यापलीकडे नेली. घर पाडायला पुढच्या आठवड्यात सुरुवात झाली.

परवा मामीचा फोन होता. दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा पोळ्यानंतर देते म्हणाली आहे, कारण सध्या तिच्याकडे झुलींची तीन कामे आली आहेत आणि कापड तिला स्वतःच्या पैशाने आणावे लागले.